म्हातारपणी आपल्या घरात, आपल्या पायावर

समाजात वृद्धांचा प्रश्न निघाला की बहुधा दोनच गोष्टी बोलल्या जातात. मुले विचारीत नाहीत ही एक, आणि वृद्धाश्रम झाला पाहिजे ही दुसरी. 1995 साली राज्य शासनाने मातोश्री वृद्धाश्रमांची योजना आणली. ज्यांना खरोखर कोणीच नाही अशांना तिचा आधार आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु आपल्याकडील बहुतेक म्हातारी माणसे घर सोडायला राजी नसतात. त्यांना आपली चूल, आपला ओटा आणि हाकेच्या अंतरावरची शेजारीण हवी असते. त्यांनी त्याच घरात कोणाच्या तोंडाकडे न बघता राहावे, यासाठी वस्तीला काय करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

भोकर तालुक्यात हा प्रश्न दरवर्षी दिवाळीनंतर तीव्र होतो. तरणीताठी जोडपी ऊसतोडीला, वीटभट्टीला, नाहीतर हैदराबाद-पुण्याकडे कामाला जातात. मागे राहतात म्हातारा-म्हातारी आणि कधी शाळेत जाणारी नातवंडे. मुले वाईट आहेत म्हणून हे घडत नाही. पोट भरायचे तर जावेच लागते. तेव्हा केवळ मुलांना दोष देऊन भागणार नाही.

या संदर्भात एका लहानशा गावाचे उदाहरण आम्हास मोलाचे वाटते. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचे गाव आहे. तेथे जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी गावकऱ्यांच्या व एका धर्मादाय न्यासाच्या साहाय्याने 8 मार्च 2016 रोजी, महिला दिनी, 'आजीबाईची शाळा' सुरू केली. विद्यार्थिनी साठीच्या पुढच्या, काही तर नव्वदीकडे झुकलेल्या. गणवेश म्हणून गुलाबी नऊवारी, खांद्याला दप्तर, हातात पाटी. घरची व शेताची कामे उरकल्यावर दुपारी वर्ग भरतो. वर्तमानपत्रांनी गुलाबी लुगड्यांचे फोटो पुष्कळ छापले. आम्हाला त्यात महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. बँकेत अंगठा उठविणाऱ्या बाया आता सही करू लागल्या. सही करणारी बाई कागदावर काय लिहिले आहे हे विचारू लागते. अंगठा देणारीला तेवढा धीर होत नाही.

हे आपल्या वस्तीशी ताडून पाहावे. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेत 65 वर्षांवरील निराधार वृद्धांना दरमहा रक्कम मिळते. 2023 साली ती 1500 रुपये झाली. एकट्या म्हातारीचे तेल-मीठ व औषध त्यावर कसेबसे निघते. पण ती हातात पडेपर्यंत किती अडथळे! आधार खात्याला जोडलेले हवे, हयातीचा दाखला वेळेवर हवा. जन्मभर खुरपे धरून बोटांच्या रेषा पुसल्या गेल्या, म्हणून यंत्र अंगठा ओळखीत नाही. मग कोणाला तरी बरोबर घेऊन जावे लागते, आणि किती रक्कम निघाली हे त्या 'कोणाला तरी'च ठाऊक असते. पासबुकावरील आकडा स्वतः वाचता आला तर निम्मी लबाडी तेथेच थांबते.

विद्यार्थीमित्रांना येथे मोठे काम आहे. केंद्र शासनाच्या 'उल्लास' नवभारत साक्षरता कार्यक्रमास (2022 ते 2027) वयाची वरची मर्यादा नाही. पंधरा वर्षांपुढील कोणीही शिकू शकतो आणि शिकविणारे स्वयंसेवक असतात. अकरावी-बारावीच्या मुला-मुलीने आपल्या गल्लीतील दोन आजींना आकडे व सही शिकविणे यात अवघड काय आहे? मात्र डोळ्यांना दिसत नसेल तर पाटीचा काय उपयोग? म्हणून आधी मोतीबिंदूची तपासणी करून घ्यावी. सरकारी रुग्णालयात ही शस्त्रक्रिया मोफत होते. फक्त नेणारा व परत आणणारा माणूस लागतो, आणि पुढील काही दिवस डोळ्यांत थेंब घालणारा.

घराचेही तसेच. म्हातारे माणूस पडते ते बहुधा रात्री, न्हाणीत किंवा संडासाच्या वाटेवर. खुब्याचे हाड मोडले की एकटे राहणे संपले. भिंतीत पाइपाचा एक तुकडा बसविणे, वाटेवर एक दिवा लावणे, उंच उंबऱ्यापुढे पायरी करणे, हे वस्तीतील गवंडी व वायरमन एका रविवारी करू शकतात. आमच्या जयंत्या-वर्धापनदिनांत ज्येष्ठांना शाल-श्रीफळ देण्यावर जो खर्च होतो, त्यातील काही भाग इकडे वळवावा असे आमचे स्पष्ट मत आहे. शालीने कोणाचे पडणे थांबत नाही.

सोबतीचा प्रश्न उरतो. केरळात कोझिकोड येथे 1993 साली दुर्धर रुग्णांसाठी वेदनाशमन सेवा सुरू झाली. पुढे तीतून गावोगाव शेजाऱ्यांचे गट उभे राहिले. ही साधी माणसे आठवड्यातील काही तास देऊन अंथरुणाला खिळलेल्यांची विचारपूस करू लागली, आणि डॉक्टर-परिचारिका त्यांच्या पाठीशी राहिल्या. आपल्याकडे महिला बचत गट आहेतच. सकाळी दार उघडले का, चूल पेटली का, एवढे पाहण्यासाठी पाळी लावली तरी पुरे. अडचण आली तर 14567 हा ज्येष्ठांसाठीचा मोफत दूरध्वनी क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

कायद्याविषयी थोडेसे. 2007 च्या कायद्यानुसार आईवडिलांना मुलांकडून निर्वाहासाठी दरमहा 10,000 रुपयांपर्यंत रक्कम मागता येते. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणात चालतो. घर वा जमीन मुलाच्या नावे करायचीच असेल, तर सांभाळण्याची अट बक्षीसपत्रात लिहून घ्यावी. ती मोडल्यास व्यवहार रद्द करवून घेता येतो.

भोकरला सुरुवात करावयाची तर फार पैसा लागणार नाही. दुपारी विहार रिकामेच असते. पाट्या, खडू, एक फळा आणि एक वही. वहीत वस्तीतील एकट्या राहणाऱ्या वृद्धांची नावे, पेन्शन सुरू आहे की बंद, हयातीचा दाखला कधी दिला, डोळे तपासले का आणि रात्री हाकेला कोण धावेल, एवढे लिहावे. ऊसतोडीच्या गाड्या निघण्यापूर्वी, दसऱ्याच्या सुमारास, ही वही भरून झालेली असावी, म्हणजे जाणाऱ्या मुलांचे फोन नंबरही तीत उतरवून घेता येतील.