टायर बदलला की फवारणीची मात्राही बदलते

लहान ट्रॅक्टरचे टायर बदलण्याची वेळ आली की सामान्यतः तीनच प्रश्न विचारले जातात: माप कोणते, किंमत किती आणि टिकेल किती. द्राक्ष व डाळिंब बागायतदारांनी आणखी एक प्रश्न विचारणे अगत्याचे आहे, तो म्हणजे या टायरवर फवारणी कशी होईल? १५ ते २५ अश्वशक्तीचा अरुंद ट्रॅक्टर बागेत मुख्यतः फवारणीसाठीच वापरला जातो. त्यामुळे त्याच्या टायरची निवड ही यंत्राच्या देखभालीइतकीच पीकसंरक्षणाचीही बाब आहे. कीटकशास्त्राच्या अभ्यासकाने टायरविषयी लिहिण्याचे कारणही हेच.

प्रथम जमीन पाहावी

राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोचे मुख्यालय नागपूर येथे असून त्याचे एक प्रादेशिक केंद्र कोलकात्याच्या सॉल्ट लेक उपनगरात आहे. या दोन ठिकाणांच्या परिसरातील जमिनींची तुलना केली, तरी टायरनिवडीचे मूळ सूत्र लक्षात येते. दक्षिण बंगालच्या गाळाच्या जमिनीत, साचलेल्या पाण्यात भाताची चिखलणी होते. तेथे खोल दातांचा आर-२ वर्गाचा टायर योग्य ठरतो. विदर्भ-मराठवाड्याची काळी जमीन पाण्याने फुगते, ओली असताना चाकाखाली सहज दबते आणि वाळल्यावर टणक होते. अशा जमिनीवरील बागेत आर-२ टायर खोल चाकोऱ्या पाडतो, तर डांबरी रस्त्यावर लवकर झिजतो. येथे सर्वसाधारण दातांचा आर-१ टायर पुरेसा होतो. हिरवळीसाठीचा उथळ नक्षीचा आर-३ टायर ओल्या काळ्या मातीत घसरतो.

बागेत ट्रॅक्टर दर वेळी त्याच दोन ओळींमधून, त्याच चाकोरीवरून जातो. मातीच्या दबण्याचा मोठा भाग पहिल्या काही फेऱ्यांतच घडून येतो. वरच्या थरातील दाब मुख्यतः टायरमधील हवेवर, तर खोल थरातील दाब आसावरील एकूण भारावर अवलंबून असतो. ओळींमधील अंतर परवानगी देत असेल, तर उत्पादकाने मान्य केलेल्या मापांपैकी थोडा रुंद टायर घेऊन हवा भारतक्त्यानुसार किमान आवश्यक तेवढीच ठेवावी. मात्र भार मोजताना फवारणी यंत्राच्या टाकीचा विसर पडू नये. ट्रॅक्टरवर बसवलेल्या ४०० लिटरच्या टाकीत पाण्याचेच वजन ४०० किलो असते. टायरवरील ‘पीआर’ हा आकडा भारक्षमता दर्शवतो; तो जितका अधिक तितका टायर आपल्या कामास चांगला, असे नव्हे.

वेग आणि मात्रा

ब्लोअरचा पंप पीटीओवर चालतो. इंजिनाचे फेरे तेच राहिले, तर नोझलमधून मिनिटाला पडणारे द्रावणही तेवढेच राहते. परंतु ट्रॅक्टर किती पुढे सरकतो, हे टायरच्या परिघावर आणि घसरण्यावर ठरते. समजा, नव्या टायरची त्रिज्या ४८ सेंमी होती आणि दात झिजून ती ४६ सेंमी झाली. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात कापले जाणारे अंतर सुमारे ४ टक्क्यांनी घटले. झिजलेला टायर ओल्या जमिनीत अधिक घसरत असल्याने प्रत्यक्ष वेग आणखी कमी होतो. नवा टायर बसताच हा वेग अचानक वाढतो.

हे तपासण्याची पद्धत सोपी आहे. टाकी अर्धी भरून, नेहमीच्या गिअरमध्ये व पीटीओच्या नेहमीच्या फेऱ्यांवर, बागेतच ५० मीटर अंतर किती सेकंदांत पार होते ते मोजावे. १८० ला त्या सेकंदांनी भागले की ताशी किलोमीटरमध्ये वेग मिळतो. जुन्या टायरवर ३६ सेकंद लागत असतील, तर वेग ५ किमी. नव्यावर ३३ सेकंद लागले, तर तो सुमारे ५.५ किमी. म्हणजेच त्याच मिश्रणातून एकरी पडणारे औषध ८ टक्क्यांहून अधिक घटले. गोडी छाटणीनंतर कोवळ्या फुटींवर उडद्या भुंगेरा आणि फुलकिडे येतात, तेव्हा एवढी घटही परिणामकारकता कमी करू शकते. उलट, वेग कमी झाल्यास औषध जास्त पडते आणि निर्यातक्षम द्राक्षांत अवशेषमर्यादा ओलांडण्याचा धोका वाढतो. म्हणून टायर बदलल्यानंतरच्या पहिल्या फवारणीपूर्वी यंत्राचे अंशांकन नव्याने करावे.

खरेदीच्या वेळी

चारचाकी चालन असलेल्या ट्रॅक्टरमध्ये पुढची चाके मागच्यांपेक्षा किंचित जास्त अंतर कापतील, अशी गिअररचना असते. हे प्रमाण साधारणतः १ ते ५ टक्के असते. केवळ मागील जोडी वेगळ्या मापाची घेतल्यास ते बिघडते. टायर वेगाने झिजतात आणि पुढील आसावर ताण येतो. त्यामुळे माप बदलायचे असल्यास चारही टायरचा विचार एकत्र करावा. एका आसावर एक नवा व एक जुना टायर बसवू नये. टायरच्या बाजूवरील चार अंकी संकेतात पहिले दोन अंक आठवडा व पुढचे दोन वर्ष दाखवतात. ‘२३२४’ म्हणजे २०२४ मधील तेविसावा आठवडा. बसवताना दातांची दिशा बाणाप्रमाणे आहे, याची खात्री करावी.

जुन्या टायरचे काय?

उतरवलेला टायर गोठ्यामागे पडून राहतो आणि त्यात पावसाचे पाणी साचते. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती डास पाण्याच्या पातळीलगत, टायरच्या आतील भिंतीवर अंडी घालतो. ही अंडी कोरड्या स्थितीत कित्येक महिने तग धरतात आणि पाणी मिळताच उबतात. त्यामुळे केवळ पाणी ओतून देणे पुरेसे नसते. हुगळीचा गाळ टाकून दलदलीवर वसवलेल्या सॉल्ट लेकसारख्या नियोजित वसाहतीतही पावसाळ्यात डेंग्यूची चिंता असते, आणि उघड्यावरचे टायर हे तेथील डासांच्या उत्पत्तीचे एक ठिकाण आहे. आशियाई एडिस अल्बोपिक्टस डासही वापरलेल्या टायरांच्या व्यापारातून समुद्रापार गेला. १९८५ मध्ये तो अमेरिकेतील ह्यूस्टन येथे स्थिरावल्याचे आढळले.

त्यामुळे जुना टायर शक्यतो विक्रेत्याकडेच परत द्यावा. टाकाऊ टायरांच्या पुनर्वापराची जबाबदारी २०२२ च्या नियमांनुसार उत्पादकांवर आहे. मुरघासाच्या आच्छादनावर वजन म्हणून वापरायचा असल्यास तो चिरून किंवा छिद्रे पाडून ठेवावा, म्हणजे पाणी साचणार नाही. टायर उघड्यावर जाळू नये. विस्तार कार्यकर्त्यांनी फवारणी यंत्रांच्या अंशांकनाची प्रात्यक्षिके घेताना टायरची स्थिती आणि ५० मीटरची वेगचाचणी यांचाही समावेश करावा. त्यासाठी एक टेप व एक घड्याळ एवढेच साहित्य लागते.