नाणं जागचं हलत नाही

इथेरियम या ब्लॉकचेनला आपल्या वहीतली प्रत्येक नोंद तोंडपाठ असते. पण शेजारच्या ‘नियर’ नावाच्या साखळीवर आत्ता काय घडलं, याची त्याला गंधवार्ताही नसते. ब्लॉकचेन बाहेरच्या जगाला आंधळीच. मग इथेरियमवरचं ‘इथर’ हे नाणं नियरवर जातं कसं?

जातच नाही! ते इथेरियमवरच्या एका प्रोग्रॅममध्ये कुलूपबंद होतं आणि पलीकडे तेवढ्याच मोलाचं टोकन नव्याने पाडलं जातं. परतताना पलीकडचं टोकन नष्ट होतं, अलीकडचं कुलूप उघडतं. पेशवाईत पुण्याच्या सावकाराकडे रक्कम भरून काशीत हुंडी वटवावी, तसंच. फक्त इथे सावकार नाही. मग ‘रक्कम जमा झाली’ ही साक्ष द्यायची कोणी?

साखळ्या जोडणारे बरेच पूल त्यासाठी मोजके साक्षीदार नेमतात. ‘रोनिन’ पुलावर असे नऊ होते, पाचांच्या सह्या पुरत. मार्च २०२२ मध्ये चोरांनी सहीच्या नेमक्या पाच किल्ल्या मिळवल्या, साठ कोटी डॉलरच्या आसपास ऐवज नेला आणि सहा दिवस कोणाला पत्ताही लागला नाही.

२०२१ मध्ये सुरू झालेल्या नियरच्या ‘रेनबो ब्रिज’ने साक्षीदारच काढून टाकले, आणि मी थक्क होतो ते इथे. नियरवर एक प्रोग्रॅम बसवला, लाइट क्लायंट. इथेरियमच्या ब्लॉकांचे, म्हणजे नोंदींच्या गठ्ठ्यांचे, फक्त मथळे त्याच्याकडे येत राहतात आणि ते अस्सल की बनावट हे तो स्वतः गणित करून ठरवतो. म्हणजे एका साखळीच्या आत बसून दुसरीची शहानिशा! उलट दिशेला मात्र घोडं अडलं: नियरच्या ब्लॉकांवरच्या सह्या इथेरियमवर तपासायचा खर्च परवडेना. त्यावरची तोड भन्नाट होती. मथळा आणणाऱ्याने अनामत ठेवायची, मग चार तास थांबायचं. तेवढ्यात कोणीही मथळा खोटा असल्याचं दाखवून दिलं, की अनामत जप्त. ती एकच वादग्रस्त सही तेवढी तपासायची.

कोड खुला, मथळे आणायला कोणीही मोकळा, पहारा करायलाही. २० ऑगस्ट २०२२, शनिवार. कोणीतरी बनावट ब्लॉक पाठवला. सुट्टीच्या दिवशी कोण जागं असणार, असा हिशेब असावा. पहाऱ्यावरच्या प्रोग्रॅमांना कसली सुट्टी? ३१ सेकंदांत डाव उधळला आणि हल्लेखोराचे पाच इथर बुडाले. एकाही माणसाला उठावं लागलं नाही.

अर्थात खुला कोड चोरालाही वाचता येतो. ‘वर्महोल’ पुलाच्या एका दोषावरची दुरुस्ती खुल्या भांडारात आली, पण चालू पुलावर अजून चढली नव्हती; काही तासांतच, २ फेब्रुवारी २०२२ ला, तोच दोष वापरून १,२०,००० इथरच्या मोलाची टोकन लंपास झाली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ‘नोमॅड’ पुलाचं तर हसावं की रडावं. एका अद्ययावतीकरणात विश्वासार्ह खुणेच्या जागी शून्य बसलं आणि न तपासलेला प्रत्येक संदेश खरा ठरू लागला. पहिल्या चोराचा व्यवहार उघड दिसत होता. लोकांनी तोच उचलला, पत्त्याच्या जागी आपला पत्ता घातला आणि पाठवून दिला. प्रोग्रॅमिंग येण्याचीही गरज नव्हती. सुमारे १९ कोटी डॉलर गेले. त्यातले काही कोटी पुढे परत आले, कारण त्या गर्दीत चोरांच्या आधी हात घालून पैसे वाचवणारेही होते.