ओल्या कुंचल्याची राखण

प्रस्तावना

दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या देशातील असंख्य घरांतून ताज्या रंगाचा वास दरवळू लागतो. भिंती घासल्या जातात, भेगा लांबीने बुजवल्या जातात आणि जुन्या घराला नवे रूप येते. परंतु घर रंगवणे हे एका बैठकीत संपणारे काम नव्हे. रंगाचा पहिला हात वाळल्याखेरीज दुसरा हात देता येत नाही. इमल्शनसारख्या पाण्यात मिसळणाऱ्या रंगाला त्यासाठी साधारणतः चार-सहा तास, तर तैलरंगाला बहुधा एक संपूर्ण रात्र लागते. भिंत वाळत असताना रंगाने भिजलेला कुंचला कोठे आणि कसा ठेवावा, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. त्याच्या उत्तरावर मात्र हत्याराचे आयुष्य, भिंतीची शोभा आणि प्रसंगी घरातील माणसांची सुरक्षितताही अवलंबून असते. प्रस्तुत पाठात या प्रश्नाचा कार्यकारणभावासह विचार केला आहे.

मूळ पाठ

रंग का वाळतो?

भिंतीवर रंग वाळणे हा त्याचा गुण आहे. तोच रंग कुंचल्यात वाळला, तर तो दोष ठरतो. रंगाला भिंत आणि कुंचला यांतील भेद कळत नाही. तो दोन्ही ठिकाणी एकाच नियमाने वाळतो. म्हणून ओल्या हत्याराची राखण करायची असेल, तर रंग कशामुळे वाळतो हे आधी समजून घेतले पाहिजे.

आपल्याकडे घरांसाठी मुख्यतः तीन प्रकारचे रंग वापरले जातात आणि तिघांच्याही वाळण्याची रीत वेगळी आहे. पहिला, चुना. पाण्यात कालवलेला चुना भिंतीवर दिला की त्यातील पाणी उडून जाते आणि उरलेला चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू शोषून हळूहळू कठीण होतो. चुन्याच्या बादलीत रात्रभरात जो पातळ पापुद्रा धरतो, तो याच क्रियेमुळे. दुसरा, इमल्शन किंवा प्लॅस्टिक पेंट. यात राळेसारख्या पदार्थाचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडून गेले की ते एकमेकांना चिकटून त्यांचा सलग थर बनतो. हा थर एकदा बनला, की पुन्हा पाणी घालून तो विरघळत नाही. तिसरा, तैलरंग, अर्थात बाजारात ज्याला ऑइल पेंट किंवा इनॅमल म्हणतात तो. यातील पातळ करणारा द्रव प्रथम उडून जातो. त्यानंतर तेलाचा अंश हवेतील प्राणवायूशी संयोग पावून घट्ट होतो.

रीती तीन असल्या तरी एक गोष्ट समान आहे. या सर्व क्रिया उघड्या हवेत घडतात. म्हणून हत्यारे जपण्याचे सारे उपाय एकाच सूत्रात सांगता येतात: काम पुन्हा सुरू होईपर्यंत ओल्या कुंचल्याला हवा लागू देऊ नये.

थोड्या विश्रांतीसाठी

जेवणाच्या सुटीपुरते काम थांबवायचे असेल, तर कुंचला धुण्याची आवश्यकता नसते. उलट, अर्धवट धुतलेल्या कुंचल्यात पाणी राहते आणि पुढच्या हाताला रंग पातळ पडून भिंतीवर ओघळ येतात. अशा वेळी कुंचल्यात पुरेसा रंग राहू द्यावा, कारण कोरडा पडत चाललेला कुंचला भरलेल्या कुंचल्यापेक्षा लवकर कडक होतो. मग तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, आतील हवा हाताने दाबून काढावी आणि पिशवीचे तोंड मुठीपाशी रबराने किंवा दोऱ्याने घट्ट बांधावे. धुऊन वाळवलेली दुधाची पिशवी या कामासाठी उत्तम. कुंचल्याच्या मापाला ती नेमकी बसते आणि निराळा खर्चही होत नाही. रोलरलाही हाच उपाय लागू पडतो. त्याच्या लोकरीसारख्या वेष्टनात पुष्कळ रंग मुरलेला असल्याने तो वाया जाऊ न देण्यात दुहेरी लाभ आहे. रोलरसाठी मात्र पिशवी मोठी हवी.

गुंडाळलेली हत्यारे सावलीत ठेवावीत. इमल्शनच्या रंगासाठी ही व्यवस्था एका रात्रीपर्यंत पुरते. तथापि सर्व प्रदेशांतील हवा सारखी नसते. विदर्भातील किंवा माळव्यातील कोरड्या उन्हाळ्यात पाणी झपाट्याने उडून जाते, तर कोकण-गोव्याच्या दमट हवेत तोच रंग सावकाश वाळतो. म्हणून कोरड्या हवेत पिशवीवर ओले फडके गुंडाळून ठेवणे हिताचे असते.

एका रात्रीसाठी

तैलरंगाच्या कुंचल्याची रात्र कशी काढावी, यावर अनुभवी रंगाऱ्यांनी पूर्वीच एक साधी युक्ती शोधली आहे. ते कुंचला पाण्यात बुडवून ठेवतात. तैलरंग पाण्यात मिसळत नाही, मग पाण्याचा उपयोग काय, असे नवशिक्याला वाटते. परंतु येथे पाण्याचे काम रंग विरघळवण्याचे नसून हवा अडवण्याचे आहे. पाण्याखालील रंगाला पुरेसा प्राणवायू मिळत नाही आणि तो ओलाच राहतो. सकाळी कुंचला झटकून, जुन्या वर्तमानपत्रावर दाबून त्यातील पाणी पूर्णपणे काढले की तो कामास सिद्ध होतो.

ही युक्ती योजताना दोन पथ्ये पाळावी लागतात. पहिले असे, की कुंचला डब्यात केसांवर उभा करू नये. रात्रभर स्वतःच्या वजनाने केस वाकतात आणि ते वळण पुढे सहसा जात नाही. त्यासाठी मुठीला भोक पाडून त्यातून तार ओवावी आणि ती तार डब्याच्या तोंडावर आडवी टेकवावी. अशा रीतीने केस तळाला न टेकता पाण्यात लोंबते राहतात. दुसरे पथ्य काळाचे. तैलरंगाचे कुंचले पुष्कळदा डुकराच्या राठ केसांचे असतात. असे नैसर्गिक केस पाणी शोषून फुगतात व मऊ पडतात. शिवाय केसांना मुठीशी बांधणारे पत्र्याचे कडे गंजू लागते. म्हणून ही सोय एक-दोन रात्रींपुरतीच समजावी. नैसर्गिक केस पाण्याने मऊ पडतात, याच कारणास्तव पाण्यातील रंगांसाठी नायलॉनसारख्या कृत्रिम केसांचा कुंचला अधिक योग्य मानला जातो.

कडे हे कुंचल्याचे मर्मस्थान होय. रंग केसांतून वर चढत कड्याच्या आत शिरतो आणि तेथे वाळून बसतो. बाहेरून कुंचला स्वच्छ दिसतो, परंतु आत साठलेला कठीण रंग केसांना फाकवतो आणि मग सरळ रेघ ओढणे अशक्य होते. यास्तव कुंचला रंगात निम्म्याहून अधिक बुडवू नये. राखण करण्याचा आरंभ अशा प्रकारे काम चालू असतानाच होतो.

अधिक दिवसांसाठी

पुढचा हात काही दिवसांनी द्यावयाचा असेल, तर मात्र हत्यारे धुण्यास पर्याय नाही. इमल्शनचा कुंचला प्रथम वर्तमानपत्रावर पुसून, मग साबणाच्या पाण्याने मुळापर्यंत चोळून धुवावा. चुन्याचा कुंचाही भरपूर पाण्याने धुवावा. चुना त्वचेला व डोळ्यांना दाहक असल्याने हे काम बेताने करावे.

तैलरंगासाठी टर्पेंटाइन लागते. काटकसरी रंगारी त्यासाठी दोन डबे ठेवतात. पहिल्या डब्यात बहुतेक रंग निघून जातो, दुसऱ्या डब्यातील स्वच्छ द्रवाने उरलेला रंग निघतो. पहिला डबा झाकून दोन दिवस स्थिर ठेवला की रंगाचा गाळ तळाशी बसतो आणि वरचा निवळलेला द्रव पुढच्या धुण्यासाठी पुन्हा वापरता येतो. यात पैसा वाचतो, तसेच हा विषारी द्रव गटारात, ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतण्याची वेळ येत नाही. टर्पेंटाइनऐवजी रॉकेल वापरल्यास केसांवर तेलकट थर राहतो. तो साबणाने न काढल्यास नव्या रंगाची पकड कमी होते.

धुतलेल्या कुंचल्याचे केस विंचरून सरळ करावेत, त्याभोवती कागद गुंडाळावा आणि तो केस खाली येतील असा टांगावा. कागदामुळे केसांचा आकार टिकतो, तर टांगल्यामुळे उरलेले पाणी कड्यात न मुरता खाली निथळते.

उरलेल्या रंगाचीही अशीच काळजी घ्यावी लागते. डब्याची कड पुसल्यावाचून झाकण बसवले, तर तेथून हवा आत जाते आणि तैलरंगावर दुधावरच्या सायीसारखा थर धरतो. ही साय ढवळून रंगात मिसळू नये, कारण ती पुन्हा विरघळत नाही. ती अलगद काढून टाकावी आणि रंग पातळ कापडातून गाळून घ्यावा. अन्यथा तिचे तुकडे भिंतीवर खड्यांप्रमाणे उमटतात.

सावधानतेचा एक धडा

येथवर हवा अडवण्याचा विचार झाला. परंतु एक वस्तू अशी आहे, की तिच्या बाबतीत उलट वागावे लागते. ती म्हणजे तेलाच्या चिंध्या. जवसाचे तेल किंवा त्यापासून केलेले वॉर्निश पुसलेली चिंधी वाळते, तेव्हा प्राणवायूशी होणाऱ्या संयोगातून उष्णता निर्माण होते. चिंधी पसरलेली असेल, तर ही उष्णता हवेत निघून जाते. चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला, तर ती आतच साचते आणि ठिणगीवाचून चिंध्या पेट घेऊ शकतात.

ही केवळ तर्काची गोष्ट नाही. २३ फेब्रुवारी १९९१ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरातील ‘वन मेरिडियन प्लाझा’ या ३८ मजली इमारतीच्या २२व्या मजल्यावर अशाच चिंध्यांनी पेट घेतला. लाकूडकाम करणाऱ्यांनी जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या काम थांबवताना तेथे ठेवल्या होत्या. ती आग सुमारे १९ तास धुमसत राहिली. ती विझवताना अग्निशामक दलाच्या ३ जवानांना प्राण गमवावे लागले आणि पुढे ती इमारत पाडावी लागली. दिवसाचे काम संपवताना मूठभर चिंध्यांकडे झालेल्या दुर्लक्षाची ही किंमत होती. म्हणून अशा चिंध्या मोकळ्या जागी सुट्या पसरून पूर्ण वाळवाव्यात किंवा पाण्याने भरलेल्या धातूच्या डब्यात झाकून ठेवाव्यात.

टर्पेंटाइन आणि रॉकेल हेही ज्वालाग्राही आहेत. त्यांचे डबे चुलीपासून व देवघरातील दिव्यापासून दूर, हवेशीर जागी ठेवावेत. हे द्रव पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत कधीही भरू नयेत. लहान मूल रंगाचा डबा आणि पाण्याची बाटली यांतील फरक बाटली पाहून करते, आतील द्रव पाहून नव्हे.

उपसंहार

खंडेनवमीला महाराष्ट्रातील कारागीर आपली हत्यारे धुऊन-पुसून त्यांची पूजा करतात. सुताराचा रंधा, गवंड्याची थापी आणि रंगाऱ्याचा कुंचला त्या दिवशी देव्हाऱ्याचा मान मिळवतो. रोजंदारीवर जगणाऱ्या रंगाऱ्याचा कुंचला हे त्याचे भांडवल असते. तो निकामी झाला, तर नव्या कुंचल्याचा खर्च त्याच्याच मजुरीतून जातो. वर्षातून एकदा होणाऱ्या त्या पूजेमागील भाव रोज संध्याकाळी दहा मिनिटांत जपता येतो: कुंचला गुंडाळून, झाकण घट्ट बसवून आणि चिंध्या पसरून. चांगल्या कारागिराची ओळख काम सुरू असताना तर पटतेच. परंतु तो काम कसे थांबवतो, यावरून ती अधिक पटते.

स्वाध्याय

१. चुना, इमल्शन आणि तैलरंग यांच्या वाळण्यातील फरक तुमच्या शब्दांत लिहा.

२. कारणे द्या: (अ) तैलरंगाचा कुंचला रात्रभर पाण्यात ठेवतात. (आ) कुंचला केसांवर उभा करून ठेवू नये. (इ) तेलाच्या चिंध्यांचा बोळा करू नये.

३. ‘कडे हे कुंचल्याचे मर्मस्थान होय’ या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.

४. तुमच्या परिसरातील एखाद्या कारागिराला भेटा. तो दिवसाचे काम संपवताना हत्यारांची काळजी कशी घेतो, याविषयी दहा-बारा ओळी लिहा.