मेलचा मेळ

'सिंक्रोनायझेशन'ला मराठीत काय म्हणायचं, असं मी आजीला विचारलं. ती लगेच म्हणाली, "मेळ! जमाखर्चाचा मेळ बसवतात ना, तसा." कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझ्या डोक्यात आधी इंग्रजी शब्द येतात, पण हा शब्द मला एकदम पटला. तर मित्रांनो, आजचा विषय आहे दोन कॉम्प्युटरवरच्या मेलचा मेळ.

आता तुम्ही म्हणाल, यात काय विशेष? ब्राउझर उघडला की मेल दिसतोच! बरोबर आहे. ब्राउझरमध्ये आपण दर वेळी सर्व्हरवरचाच मेल बघतो, त्यामुळे मेळाचा प्रश्न येत नाही. पण थंडरबर्ड किंवा आउटलुकसारखा प्रोग्रॅम वापरला तर नेट नसतानाही जुने मेल वाचता येतात, आणि घरचा, कॉलेजचा आणि प्रोजेक्टचा असे तिन्ही अकाउंट एकाच खिडकीत दिसतात. मग हॉस्टेलवर लॅपटॉप आणि घरी डेस्कटॉप असला की गंमत सुरू होते. इथे वाचलेला मेल तिथे 'न वाचलेला' दिसतो. इथून पाठवलेलं उत्तर तिथे सापडतच नाही.

या सगळ्या गोंधळाच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. ओरिजिनल कुठे आणि झेरॉक्स कुठे? अ‍ॅडमिशनच्या रांगेत उभं राहिलेल्या कुणालाही या प्रश्नाचं महत्त्व वेगळं सांगायला नको!

पॉप : ओरिजिनल घरी नेणारा

मेल उतरवून घेण्याची जुनी पद्धत म्हणजे पॉप. तिचा पहिला आराखडा १९८४ चा आणि आज चालते ती तिसरी आवृत्ती १९८८ ची. पॉपची कल्पना अगदी साधी आहे. सर्व्हरशी जोडायचं, आलेले मेल उतरवून घ्यायचे, सर्व्हरवरून खोडायचे आणि लाइन सोडायची. डायल-अपच्या काळात हे योग्यच होतं, कारण नेटचं मीटर मिनिटामिनिटाला पळायचं. शिवाय सर्व्हरवर जागाही नसायची. हॉटमेल फुकटात २ एमबी देत असे. जीमेलने १ एप्रिल २००४ रोजी १ जीबी जाहीर केली, तेव्हा अनेकांना तो एप्रिल फूल वाटला होता.

पण पॉप एकच कॉम्प्युटर गृहीत धरतो. दोन कॉम्प्युटर असले की जो आधी पोचेल, तो ओरिजिनल घेऊन जातो. आमच्या एका सीनियरच्या बाबतीत नेमकं हेच झालं. त्याच्या घरचा डेस्कटॉप दिवसभर चालू असायचा आणि त्यावरचा मेल प्रोग्रॅम दर दहा मिनिटांनी मेल ओढून सर्व्हर रिकामा करायचा. इंटरव्ह्यूची तारीख कळवणारा मेल असाच घरी जाऊन पडला. हा इथे हॉस्टेलवर लॅपटॉपकडे बघत बसला होता. दिवाळीत घरी गेल्यावर त्याला तो मेल दिसला, तोपर्यंत इंटरव्ह्यू होऊन तीन आठवडे झाले होते.

'सर्व्हरवर प्रत ठेवा' अशी खूण पॉपच्या सेटिंगमध्ये करता येते. मग मेल दोन्हीकडे येतो, पण मेळ तरीही बसत नाही. कुठला मेल वाचला, कुठल्याला उत्तर दिलं, हे पॉप सर्व्हरला सांगतच नाही. फोल्डर ही गोष्टच त्याला माहीत नाही.

आयमॅप : सगळ्यांना झेरॉक्स

१९८६ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन यांनी आयमॅप तयार केला. त्याचं तत्त्व पॉपच्या बरोबर उलटं आहे. ओरिजिनल सर्व्हरवरच राहील, आणि प्रत्येक कॉम्प्युटर फक्त झेरॉक्स ठेवील. जीमेलवर हा ऑक्टोबर २००७ मध्ये आला. त्याची शेवटची मोठी सुधारणा २०२१ ची, म्हणजे म्हातारा अजून ठणठणीत आहे.

मेळ बसतो कसा? समजा, प्रत्येक फोल्डर म्हणजे एक वर्ग. त्यात येणाऱ्या प्रत्येक मेलला सर्व्हर एक रोल नंबर देतो, त्याला यूआयडी म्हणतात. हे नंबर चढत्या क्रमाने जातात. मेल खोडला तरी त्याचा नंबर दुसऱ्याला मिळत नाही. त्यामुळे लॅपटॉपला फक्त एवढंच विचारावं लागतं, "माझ्याकडे ४५० पर्यंत आहेत, पुढचे कोण?" पूर्ण फोल्डरलाही एक वेगळा नंबर असतो. तो बदलला, तर वर्गाची फेररचना झाली असं समजून प्रोग्रॅम जुनं मस्टर फाडतो आणि सगळी यादी नव्याने घेतो.

याशिवाय प्रत्येक मेलवर खुणा असतात. वाचला, उत्तर दिलं, महत्त्वाचा, मसुदा, खोडायचा. या खुणाही सर्व्हरवरच राहतात, म्हणून इथे वाचलेला मेल तिथेही वाचलेला दिसतो. नेट नसताना, समजा एसटीत बसून, तुम्ही दहा मेल वाचले, तर प्रोग्रॅम त्याची नोंद ठेवतो आणि जोडणी मिळाली की सर्व्हरला कळवतो.

इथे एक खुबी आहे. आयमॅपमध्ये सर्व्हरवर गेलेल्या मेलचा मजकूर कधीच बदलत नाही, बदलतात त्या फक्त खुणा. म्हणून मेलचा मेळ प्रोजेक्ट रिपोर्टच्या फाइलपेक्षा सोपा. रिपोर्टमध्ये दोघांनी दोन परिच्छेद बदलले की भांडण ठरलेलं! याला अपवाद मसुद्याचा. मसुदा दुरुस्त केला की प्रोग्रॅम नवा मेल ठेवतो आणि जुना खोडतो. म्हणून एकच मसुदा दोन्ही कॉम्प्युटरवर उघडा ठेवू नका, नाहीतर त्याचे दोन मसुदे होतात.

मेळ कुठे फसतो?

आयमॅप लावला म्हणजे सगळं झालं असं नाही. तीन जागा नीट तपासा.

पहिली, पाठवलेले मेल. मेल पाठवण्याचं काम आयमॅप करत नाही, ते एसएमटीपीचं काम. पाठवलेल्या मेलची प्रत 'सेंट' फोल्डरमध्ये ठेवणं ही वेगळी पायरी आहे. प्रोग्रॅम ती प्रत कॉम्प्युटरवरच्याच फोल्डरमध्ये ठेवत असेल, तर ती दुसरीकडे दिसणार नाही. दोन्ही कॉम्प्युटरवर सर्व्हरचा एकच 'सेंट' निवडा.

दुसरी, फिल्टर. थंडरबर्डमधले फिल्टर त्या-त्या कॉम्प्युटरवरच चालतात. तो बंद असला की मेल इनबॉक्समध्येच पडून राहतात. फिल्टर शक्यतो सर्व्हरवरच, म्हणजे ब्राउझरमधून सेटिंग उघडून लावा.

तिसरी, पत्ते आणि कॅलेंडर. आयमॅप फक्त मेल सांभाळतो. पत्त्यांसाठी कार्डडॅव्ह आणि कॅलेंडरसाठी कॅलडॅव्ह अशा वेगळ्या सोयी आहेत.

आणखी एक. काही जण मेल प्रोग्रॅमचा सगळा फोल्डरच पेन ड्राइव्हवरून इकडून तिकडे कॉपी करतात. असं करू नका. थंडरबर्ड सहसा एका फोल्डरचे सगळे मेल एकाच लांबलचक फाइलमध्ये ठेवतो. इकडे दोन नवे आणि तिकडे तीन नवे आले, की एक फाइल दुसरीवर बसते आणि काहीतरी पुसलं जातंच.

मेळ म्हणजे बॅकअप नव्हे

हे सगळ्यात महत्त्वाचं. एका कॉम्प्युटरवर मेल कायमचा खोडला, की मेळ इतका चोख बसतो की तो दुसऱ्यावरूनही जातो! सर्व्हरवरचा अकाउंट बंद झाला, तर कॉम्प्युटरवरच्या झेरॉक्सचा काय भरवसा? ती तर ओरिजिनलच्या मागे मागे जाणारी.

शेवटच्या वर्षाच्या मित्रमैत्रिणींनी हे खास लक्षात घ्यावं. पास आउट झाल्यावर कॉलेजचा मेल अकाउंट बंद होण्याची शक्यता असते. त्यात गाइडनी दिलेले शेरे असतात, इंटर्नशिपची पत्रं असतात, आणि चार वर्षांत ग्रुपने एकमेकांना दिलेल्या शिव्याही असतात. अकाउंट चालू आहे तोवर थंडरबर्डमध्ये आयमॅपने जोडा, सगळे मेल पूर्ण उतरू द्या आणि हवे ते फोल्डर 'लोकल फोल्डर्स'मध्ये कॉपी करा. कॉपी म्हणतेय मी, मूव्ह नाही. या प्रती सर्व्हरच्या मेळातून बाहेर असतात, त्यामुळे तिकडे काहीही झालं तरी त्या राहतात. त्यांची आणखी एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवली की झालं.

शेवटी एक छोटी टेस्ट. स्वतःलाच एक मेल पाठवा. लॅपटॉपवर तो वाचा, डेस्कटॉपवर वाचलेला दिसतो का बघा. डेस्कटॉपवरून उत्तर द्या, लॅपटॉपच्या 'सेंट'मध्ये येतं का बघा. मग तो खोडा आणि दोन्हीकडून गेला का बघा. तिन्ही वेळा 'हो' आलं तर तुमचा मेळ बसला. फक्त हा प्रयोग व्हायव्हाच्या आदल्या रात्री करू नका, सबमिशन संपल्यावर निवांत करा!