शितावरून भात, बोंडावरून शेत

शितावरून भाताची परीक्षा, असं आपण सगळ्याच जणी येता-जाता म्हणतो. पण शित कुठलं काढायचं, हे कुणी सांगत नाही. पातेल्यातलं वरचं काढलं तर भात कच्चा वाटतो, बुडाचं काढलं तर लागलेला. अमरावतीच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवताना दरवर्षी पहिल्या तासाला मी हेच सांगायचे. मुलं हसायची, मीही हसायचे. या म्हणीवर कुणाचे तरी पैसे अवलंबून असतात, हे मात्र मला दर्यापूरकडच्या आमच्या वावरात कळलं.

गेल्या काही वर्षांतलीच गोष्ट. माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या कपाशीत पीक कापणी प्रयोगासाठी खुट्टे ठोकले. पीक विम्याचा हिशोब या प्रयोगावर चालतो. सगळ्यांची शेतं मोजणं शक्य नसतं, म्हणून महसूल मंडळात एका पिकाचे किमान दहा प्रयोग घेतात. गाव, गट नंबर, शेत हे सगळं चिठ्ठ्या टाकाव्यात तसं निवडतात. मग वावराच्या नैऋत्य कोपऱ्यात उभं राहून, मिळालेल्या आकड्यांइतकी पावलं लांबीत आणि रुंदीत चालायचं. जिथे थांबाल तिथे खुट्टा. पीक चांगलं असो की वाईट, जागा बदलायची नाही.

आमचा खुट्टा नेमका सखल भागात, चांगल्या पऱ्हाटीत पडला. जाऊबाई चिडल्या. “आख्ख्या वावरात हाच तुकडा भेटला काय व यायले? तिकडं धुऱ्याकडं पाह्य म्हणा, नुसत्या काड्या उभ्या हायेत.”

मी म्हटलं, “बाई, दुसऱ्या कुणाचा खुट्टा काड्यांमध्ये पडेल. दहा जागांची सरासरी होते.”

“तुह्या सरासरीनं माह्यं पोट भरते काय?” त्या म्हणाल्या. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सीतादही झाली आणि वेचणी सुरू झाली. दोरीला लागूनच एक झाड होतं, बोंडांनी लदबदलेलं. मोजायला आलेल्या मुलाने सहज ते आत धरलं. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. फुललेलं झाड दिसलं की हात जातोच. जाऊबाईंनी मात्र बरोबर हेरलं. “बुडखा दोरीच्या भाईर हाय त्याचा. फांदी आत आली म्हनून झाड आत येत नाही.” मुलाने वाकून पाहिलं आणि ते झाड सोडलं.

मी थक्क झाले. चौथी शिकलेल्या या बाईने जे सांगितलं, त्यावर १९४०च्या दशकात मोठमोठ्या शास्त्रज्ञांचा वाद झाला होता. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे लंडनहून डॉक्टरेट घेऊन आले आणि शेतीच्या आकडेवारीत शिरले. त्यांनी दाखवून दिलं, की अगदी लहान तुकडे कापून काढलेलं उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त येतं, कारण काठावरची झाडं आत घेण्याकडे माणसाचा कल असतो. तुकडा जितका लहान, तितका काठ मोठा आणि चूकही मोठी. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्यासारखा दिग्गज लहान तुकड्यांच्या बाजूने होता, तरी सुखात्मे हटले नाहीत. विनायक गोविंद पानसे यांनी कापसाच्या बाबतीत हाच प्रश्न तपासला. मध्यप्रांत-वऱ्हाडात शेती खात्यात काम केलेले र. ज. कळमकर यांच्यासोबत त्यांनी १९४४मध्ये पिकांच्या अंदाजावर लिहिलं. पानसे-सुखात्मे यांचं शेतीच्या संख्याशास्त्रावरचं पुस्तक १९५४ साली आलं आणि शेती शिकणाऱ्यांच्या कित्येक पिढ्या त्यावर वाढल्या. आता काही पिकांसाठी उपग्रहाची चित्रंही हिशोबात धरतात, पण पाया अजून याच प्रयोगांचा आहे.

काठावरचं एक झाड म्हणजे कागदावर चार बोंडं जास्त. तुम्ही म्हणाल, त्याने काय होतं? समजा, मंडळाचं उंबरठा उत्पन्न हेक्टरी ७ क्विंटल आहे आणि प्रयोगांची सरासरी ६.३ आली. म्हणजे तूट दहा टक्के, आणि विमा रकमेच्या दहा टक्के भरपाई. पण काठावरच्या झाडांनी तीच सरासरी ७ वर नेली, तर भरपाई शून्य! अख्ख्या मंडळाला.

आता खरी गंमत पुढे आहे. कापूस एकदाच वेचून होत नाही. दुसरा वेचा, तिसरा वेचा. प्रत्येक वेळी खुट्ट्यांमधला कापूस वेगळा वेचून वेगळा तोलायचा. दुसऱ्या वेच्याच्या आदल्या रात्री जाऊबाई हळूच म्हणाल्या, “वेचनाऱ्या बायाईनं तो कापूस गाठोड्यात मिसळून टाकला, तं कोनाले समजते? पीक कमी दिसन. विमा तरी भेटन.”

त्यांचं चुकलं असं मला म्हणवेना. बियाणं, खत, फवारणी, सगळं उधारीवर होतं. तरी मी हिशोब मांडला. उंबरठा ठरतो तो मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांच्या सरासरीवरून, त्याचे सत्तर टक्के. दोन वाईट वर्षं वगळली जातात, तिसरं नाही. दरवर्षी थोडं थोडं कमी दाखवत गेलं, तर उंबरठाच खाली उतरतो. मग खरोखर बुडालेल्या वर्षी हात रिकामेच. आणि तेव्हा ज्यांचं बुडेल, त्या आपल्याच मंडळातल्या बाया असतील.

जाऊबाई काही बोलल्या नाहीत. सकाळी मात्र त्या स्वतः खुट्ट्यांपाशी उभ्या राहिल्या. आतला कापूस त्यांनी आपल्याच ओटीत वेचला, वेगळ्या गाठोड्यात बांधला आणि तोलायला दिला.

त्या वर्षी आमच्या मंडळाला विमा लागला नाही. जाऊबाई आठ दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत, आणि मीही फोन करायचं धाडस केलं नाही. खरं वागून तोटा झाला की उपदेश करणाऱ्याने गप्प बसावं, एवढं तरी मला कळतं.

पुढच्या हंगामात त्यांचाच फोन आला. या वेळी खुट्टे शेजारणीच्या वावरात पडले होते. “तुह्याजवळ तो लांब टेप हाय ना व, तो घेऊन ये. तिचं काठावरचं झाड कोनी आत घेतलं नाही पाहिजे. आन् आतलं भाईर बी नाही गेलं पाहिजे.”

मैत्रिणींनो, तीस वर्षं शिकवून जे मला दोन वाक्यांत सांगता आलं नाही, ते जाऊबाईंनी फोनवर सांगून टाकलं. मी टेप घेऊन दर्यापूरची एसटी पकडली.