उसाच्या ट्रॉलीमागचा लाल त्रिकोण

गळीत हंगामात कुरुंदा परिसरातली उसाची वाहतूक दिवस मावळला म्हणून थांबत नाही. टोकाई सहकारी साखर कारखाना इथलाच. ट्रॅक्टरमागे ट्रॉली, तिच्यावर मोळ्यांचा ढीग, आणि रात्री मागून येणाऱ्याला या साऱ्याची खूण पटते ती फाळक्यावरच्या दोन लाल रिफ्लेक्टरमुळे. त्यावर रस्त्याची धूळ बसते, तिच्यात उसाचा चिकट रस मिसळतो आणि त्याचा थर नुसत्या फुंकरीने निघत नाही. काट्यावर नंबर लागेपर्यंत चालकाला वेळच वेळ असतो. तेवढ्यात ओला फडका फिरवला तरी पुरे.

रिफ्लेक्टरला स्वतःचा उजेड नसतो. लाल प्लास्टिकच्या आतल्या बाजूला बारीक कोपऱ्यांची जाळी असते. प्रत्येक कोपऱ्यात तीन पृष्ठे एकमेकांशी काटकोनात असल्याने प्रकाश आल्या वाटेने माघारी जातो. म्हणून चाचणीत दिवा आणि पाहणारा यांच्यातला कोन अगदी लहान धरतात: एकदा अंशाचा तिसरा भाग, एकदा दीड अंश. ट्रकचालक आपल्या दिव्यांपेक्षा बराच उंच बसतो, त्यामुळे जवळ आल्यावर त्याचा कोन वाढतो आणि चमक घटते. ज्या मोटारसायकलचा दिवाच बंद, तिच्या स्वाराला तर काहीच दिसत नाही.

या लाल तुकड्याचे नियम जिनिव्हात ठरले. 20 मार्च 1958 च्या करारानुसार संयुक्त राष्ट्रांचे वाहननियम आले. त्यांतले पहिले आठही दिव्यांशी आणि परावर्तकांशी संबंधित. तिसरा खास रिफ्लेक्टरचा होता, 2019 पासून तो विषय नियम 150 मध्ये सामावला. मोटारी, ट्रक आणि त्यांच्या ट्रेलरवर दिवे कुठे बसवायचे ते नियम 48 सांगतो, शेतीच्या वाहनांसाठी नियम 86 आहे. ट्रेलरचा मागचा रिफ्लेक्टर त्रिकोणी, टोक वर, बाजू 150 ते 200 मिलिमीटर. त्रिकोण दिसला की पुढे ओढले जाणारे वाहन आहे हे कळावे, ही त्यामागची सोय. नियम 48 नुसार तो वाहनाच्या बाहेरच्या कडेपासून 400 मिलिमीटरच्या आत हवा.

भारत 1958 च्या करारात नाही. 1998 च्या जागतिक करारात तो 2006 मध्ये सामील झाला. देशात केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 आणि वाहनांसाठीची एआयएस मानके चालतात. पुण्याची एआरएआय ही चाचणी करणाऱ्या संस्थांपैकी एक.

नियम कुणाचाही असो, खरी अडचण बाहेरच्या कडेपासूनच्या 400 मिलिमीटरच्या हिशेबातच आहे. नियम 48 मधली दिव्यांची उंची आणि रोख तपासायचा तो सपाट जागी उभ्या रिकाम्या वाहनावर. कुरुंद्याच्या रस्त्यावरची ट्रॉली मात्र रिकामी नसते. मोळ्या दोन्ही बाजूंनी बाहेर येतात, शेंडे फाळक्यावर लोंबतात. कड कुठली धरायची, लोखंडाची की उसाची? धडक बसते ती उसाच्या कडेला. कागदावर बिनचूक असलेला त्रिकोण पाचटाआड गेला की त्याचा उपयोग संपला. रेडियमची पट्टी लावलेली फळी मोळ्यांच्या मागे दोरीने बांधणे हा त्यावरचा साधा आणि बऱ्यापैकी चालणारा उपाय; प्रत्येक खेपेला ती सोडावी-बांधावी लागते, म्हणून टाळला जाणारा.

बैलगाडीचे आणखी वेगळे. तिला इंजिन नाही, त्यामुळे मोटार वाहन नियम तिला लागूच होत नाहीत. तिच्या मागच्या फळीवर रेडियम चिकटवायचे ते कारखान्याने किंवा गाडीवानाने आपणहून.