आवरा, पण श्वास राखून!

रात्रीचा दीड वाजलेला. चाळीचा दुसरा मजला. दारात ही गर्दी! आत जमिनीवर पन्नाशीचे एक गृहस्थ पालथे पडलेले. एक शेजारी त्यांच्या पाठीवर बसला आहे, दुसऱ्याने हात पिरगळून धरला आहे, तिसरा पाय दाबून आहे. गृहस्थ शिव्या देत आहेत, घामाने निथळत आहेत. रुग्णवाहिकेचे डॉक्टर जिना चढून येतात तोच पाठीवरचा शेजारी सांगतो, "चढलीय डॉक्टर यांना! दोन ठेवून दिल्या की उतरेल!" कोपऱ्यातून पत्नी कळवळून म्हणते, "अहो, यांनी जन्मात कधी थेंब घेतला नाही हो!"

डॉक्टर आधी त्या शेजाऱ्याला उठवतात, रुग्णाला उताणे करवतात आणि बोटाला सुई टोचून रक्तातली साखर पाहतात. साखर ३८! मधुमेहाची गोळी वेळेवर घेतली, जेवण मात्र राहून गेले. शिरेतून ग्लुकोज जाते. थोड्याच मिनिटांत गृहस्थ उठून बसतात, ओशाळून इकडेतिकडे पाहतात आणि विचारतात, "एवढी माणसं का जमलीत?"

प्रसंग रचलेला आहे. पण रुग्णवाहिकेवर चार वर्षे काढलेल्या कोणालाही तो ओळखीचा वाटेल.

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ साली सुरू झाली. तिचे वैशिष्ट्य म्हणजे गाडीवर डॉक्टर असतो. पण डॉक्टर आणि चालक मिळून माणसे दोनच! अंगावर धावून येणारा रुग्ण आवरायला निदान पाच माणसे लागतात. उरलेली तीन कोण? भाऊ, मेहुणा, शेजारी, म्हणजे तुम्ही-आम्हीच! म्हणून ही माहिती डॉक्टरांइतकीच आपल्यालाही हवी.

पहिली गोष्ट ही की, पिसाळल्यासारखा वागणारा माणूस वेडाच असतो किंवा प्यायलेलाच असतो, हा समज काढून टाकला पाहिजे. मेंदूला साखर कमी पडली, प्राणवायू कमी पडला, की माणूस माणसात राहत नाही. दम्याच्या जोरदार झटक्यातला रोगी तोंडावरचा प्राणवायूचा मुखवटा ओरबाडून फेकतो, तो हट्टाने नव्हे. गुदमरल्यामुळे त्याला काही सुचत नाही. फिट ओसरल्यावर रुग्ण काही वेळ भ्रमात असतो; अशा वेळी त्याला धरून ठेवले की तो अधिकच झगडतो. आपण मात्र कांदा नि चप्पल हुंगवायला धावतो! रोजचा पिणारा अचानक दारू सोडतो, आणि दोन-तीन दिवसांनी त्याला अंगावर किडे चालताना दिसू लागतात, हातपाय थरथरतात. धोत्र्याचे बी पोटात गेलेला माणूस हवेतले काहीतरी पकडू पाहतो. त्याच्या बाहुल्या विस्फारलेल्या नि तोंड कोरडे ठाक. घरातले म्हणतात, बाहेरची बाधा झाली! डोक्याला मार, मेंदूज्वर, उष्माघात, हीही कारणे आहेतच. आणि दारूचा वास आला म्हणजे डोक्याला मार लागलेला नाही, असे थोडेच आहे?

तेव्हा पहिले हत्यार दोरी नव्हे, जीभ! पण बोलायचे एकानेच. दहाजण दहा बाजूंनी ओरडू लागले तर शहाण्याचेही डोके फिरेल. बघ्यांना बाहेर काढावे. विळी, कोयता, पेटता स्टोव्ह हळूच दूर करावा. रुग्णापासून दोन हात अंतर ठेवावे, आपली बाहेरची वाट मोकळी ठेवावी. मात्र त्याला कोपऱ्यात कोंडू नये. "काका, मी डॉक्टर. तुम्हाला त्रास होतोय, तो कमी करायला आलोय. बसून बोलू या का?" असे सावकाश, नावाने किंवा नात्याने बोलावे. त्याला भिंतीवर साप दिसत असेल तर वाद घालू नये. हातात हत्यार असेल तर मात्र शौर्य दाखवू नये. ११२ फिरवून पोलिसांना बोलवावे.

एवढे करूनही तो स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर उठला, तर धरावेच लागते. पण झुंडीने नव्हे, ठरवून. चार हातापायांना चारजण, पाचवा डोक्यापाशी. पाचव्याचे काम डोके सांभाळणे, रुग्णाशी बोलत राहणे आणि श्वासावर नजर ठेवणे. इशारा एकच, सगळ्यांनी एकदम. माणसाला उताणे ठेवावे, स्ट्रेचरची डोक्याकडची बाजू जरा उचलावी. बांधायचेच तर रुंद, मऊ पट्ट्याने. आत दोन बोटे जातील इतके सैल, आणि झटकन सोडता येईल असे. सुंभ नको, तार नको. मानेवर काही नको, छाती आवळणे नको. उलटी आली तर लगेच कुशीवर वळवता आले पाहिजे.

आणि पालथे? कधीच नाही! याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. झटापटीत स्नायूंमध्ये आम्ल साचते, आणि ते भराभर श्वास टाकूनच शरीर सावरते. नेमक्या त्याच वेळी पाठीवर वजन पडले, की छाती फुलत नाही, पोट हलत नाही. माणूस श्वासासाठी तडफडतो. वरच्यांना वाटते, अजून रग जिरली नाही! ते अधिक दाबतात. मग तो एकाएकी शांत होतो. "सुटलो बुवा!" म्हणून सगळे कपाळाचा घाम पुसतात. वाचकहो, सर्वांत धोक्याचा क्षण तो हाच! असा माणूस निजलेला नसतो, बहुधा बुडत असतो. म्हणून बांधल्यावर काम संपत नाही, सुरू होते. श्वास, नाडी, रक्तातला प्राणवायू, बोटांचा रंग, हे पुन्हा पुन्हा पाहावे लागते, आणि का बांधले, केव्हा बांधले, हे लिहून ठेवावे लागते.

सुईने शांत करण्याचा मार्गही आहे. पण तोही डोळे मिटून चालण्याचा नव्हे. दूर अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, ऑरोरा गावी ऑगस्ट २०१९ मध्ये एलायजा मॅक्लेन या २३ वर्षांच्या तरुणाला पोलिसांनी मान आवळून धरले. मागून आलेल्या रुग्णवाहिकेच्या लोकांनी त्याला केटामाइन टोचले, ५०० मिलिग्रॅम! त्याचे वजन होते सुमारे ६५ किलो. त्या हिशेबाने मात्रा ३२५ च्या आसपास हवी होती. त्याचे हृदय बंद पडले आणि काही दिवसांत तो गेला. डिसेंबर २०२३ मध्ये रुग्णवाहिकेवरचे ते दोघेही न्यायालयात दोषी ठरले. औषध वाईट नव्हते. वजनाचा अंदाज चुकला, आणि टोचल्यावर बघणारे डोळे कमी पडले.

आपल्याकडचा धडा त्याहून भयंकर आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूत एरवाडी येथे मनोरुग्णांच्या एका आश्रयस्थानाला आग लागली. रुग्ण साखळदंडांनी बांधलेले होते. २८ जण जळून मेले. पळायला पाय होते, पण ते मोकळे नव्हते! पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळदंडाला पूर्ण बंदी केली. शिक्षा म्हणून, धाक म्हणून किंवा माणसे अपुरी आहेत म्हणून रुग्णाला बांधणेही त्या कायद्याला मंजूर नाही. तत्काळ धोका टाळायला दुसरा उपायच उरला नसेल तेव्हाच, आणि गरजेपुरताच वेळ, हा त्याचा गाभा.

घरात असा प्रसंग आलाच, तर १०८ फिरवा आणि डॉक्टरांना तीन गोष्टी आधी सांगा: मधुमेह किंवा फिट आहे काय, कोणती औषधे चालू आहेत, नि डोक्याला मार लागला आहे काय. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी-साखर कोंबू नका. धरायची वेळ आली, तर पाठीवर बसलेल्याला आधी उठवा.

चाळीतले ते गृहस्थ दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटतील, तेव्हा त्यांना रात्रीचे काही आठवणार नाही. पण आपल्याला आठवेल. ज्याला आपण आवरले, त्याच्या नजरेला दुसऱ्या दिवशी नजर देता यावी, इतके सांभाळून आवरायचे!